गंधकाचे घर

दिवाळीच्या पहाटे अंगणात भुईनळा उडावा आणि तो विझल्यावर मागे राहिलेला वास नाकात भरून घ्यावा, यासारखे सुख नाही. तो वास गंधकाचा. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही जुनी भागी! गेल्या दिवाळीत पोलादपूरला धाकट्या भावाच्या अंगणात मी हे सुख भोगीत होतो, तोच पुतणी म्हणाली, "काका, यांतले दोघे माझे रोजचे सोबती आहेत."

ती पुण्याला बॅटऱ्यांवर संशोधन करते. बॅटरी म्हटले की मला २२ जुलै २०२१ आठवतो. सावित्रीचे पाणी महाडच्या आमच्या घरात शिरले होते आणि मी माळ्यावर अंधारात बसलो होतो. "मी सुखरूप आहे" एवढेच भावाला कळवायचे होते. पण फोन लागण्याआधीच त्याची बॅटरी संपली. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीवरही कोसळली. त्या दुःखापुढे माझा अंधार तो काय! पण तेव्हापासून पुतणीने एकच धोशा लावला होता : तात्यांनी घराला कुलूप लावून पुण्याला यावे. घर बाजारपेठेजवळ, सपाटीवर. पण वहिनी गेल्यापासून भाऊ तिथे एकटाच. या खेपेला ती त्याला न्यायलाच आली होती.

भाऊ विषय बदलण्यात पटाईत. "गंधकाचे काय म्हणत होतीस?" त्याने विचारले.

ती खुलली. बॅटरीच्या एका बाजूला लिथियम, दुसऱ्या बाजूला गंधक; या दुसऱ्या बाजूला कॅथोड म्हणतात. लिथियमचे कण मधल्या द्रवातून गंधकाकडे येतात, त्यांचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने येतात, आणि त्या येण्यातच दिवा लागतो. गंधकाचे आठ अणू फेर धरून बसलेले असतात. पाहुणे आले की फेर सुटतो, साखळ्या होतात, त्याही तुटत जातात. शेवटी गंधकाच्या एकेका अणूच्या वाट्याला लिथियमचे दोन दोन येतात. बॅटरी भरताना पाहुणे परत जातात आणि गंधक पुन्हा फेर धरतो.

"म्हणजे गणपतीला येणारे चाकरमानीच की!" मी म्हटले.

या यजमानाचे आतिथ्यही मोठे. कागदावरच्या हिशेबाने एका ग्रॅम गंधकात सुमारे १६७५ मिलिअँपिअर-तास मावतात. फोनमधल्या कोबाल्टच्या ऑक्साइडातून प्रत्यक्षात मिळतात २००च्या आसपास. शिवाय गंधक हलका आणि स्वस्त. २०१० साली झेफिर नावाचे सूर्यशक्तीवरचे विनाचालक विमान चौदा दिवस आकाशात राहिले, ते रात्री अशाच बॅटऱ्यांवर.

"मग अडते कुठे?" भावाने विचारले.

"गंधक घरी राहत नाही, तात्या. मधल्या साखळ्या द्रवात विरघळतात आणि पाहुण्यांच्या मागे लिथियमच्या गावी जातात. काही परत येतात, काही तिकडेच थर होऊन बसतात. दर फेरीला घर थोडे रिकामे होते."

भाऊ काही बोलला नाही. आमच्या वाडीत कुलपे किती, हे मोजायला त्याला कागद लागत नाही.

"यावर उपाय?"

"कोळशाचे घर. २००९ साली कॅनडात लिंडा नाझार यांच्या चमूने कर्बाच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत गंधक वितळवून भरला. गंधकातून वीज वाहत नाही, ते काम कर्ब करतो; आणि साखळ्यांनाही बराचसा आवर घालतो. मात्र पोकळी गच्च भरायची नाही. लिथियम आले की गंधक सुमारे ऐंशी टक्के फुगतो. तेवढी जागा ठेवावी लागते."

"म्हणजे येणाऱ्यांसाठी जागा ठेवायची आणि घरच्याने घरी राहायचे," भाऊ हळूच म्हणाला. "मग बाळ, मलाच का नेतेस?"

पुतणी बराच वेळ विझलेल्या भुईनळ्याकडे पाहत राहिली.

भाऊबीजेनंतर ती एकटीच पुण्याला गेली. जाण्यापूर्वी सुताराला बोलावून तिने माडीवरची बंद खोली उघडून दुरुस्त करायला सांगितली. खोली कुणासाठी, ते तिने सांगितले नाही आणि भावानेही विचारले नाही. एस.टी. हलल्यावर तो मला एवढेच म्हणाला, "दादा, खिडकी जरा मोठीच करून घेऊ."