गर्दीसमोरची प्रार्थना

रुबी ब्रिजेस ही अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरातल्या विल्यम फ्रांझ प्राथमिक शाळेत दाखल झालेली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. साल १९६०, वय ६ वर्षे. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. न्यू ऑर्लीन्स ज्यात येते त्या लुइझियाना राज्याने तो टाळत नेला. अखेर न्यायालयाच्या आदेशाने ४ मुलींना गोऱ्यांच्या २ शाळांत प्रवेश मिळाला. ३ मुली एका शाळेत गेल्या, रुबी दुसऱ्या शाळेत एकटीच.

१४ नोव्हेंबरला आईसोबत, केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात ती शाळेत पोचली. तो सारा दिवस मुख्याध्यापकांच्या कचेरीत बसून गेला, कारण गोरे पालक आपापली मुले घरी घेऊन जात होते. पुढे वर्षभर तिच्या वर्गात दुसरे मूल नव्हते. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या शिक्षिका तिला एकटीला शिकवत. या प्रवेशामुळे वडिलांची पेट्रोलपंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या आजी-आजोबांनाही ती जमीन सोडावी लागली.

शाळेबाहेर रोज जमाव असे आणि त्यात बायका पुढे असत. एका बाईने शवपेटीत काळी बाहुली ठेवून ती रुबीला दाखवली. दुसरी तिला विष घालण्याची धमकी देई, म्हणून रुबीने घरचेच अन्न खावे असे ठरले. पहिलीतल्या मुलीला आपली मरणपेटी पाहावी लागली, आणि ती दाखवणारी प्रौढ बाई होती. या गोष्टीला काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. त्याच काळात, त्याच शहरात रुबीच्या घरच्यांना आधार देणारी माणसेही होती. शेजारी तिच्या मोटारीमागून पायी चालत. मेथडिस्ट मंडळीचे गोरे पाळक लॉइड फोरमन जमावाच्या शिव्या आणि धक्के सोसत स्वतःच्या मुलीला त्याच शाळेत नेत राहिले.

रुबीचा आधार घरच्या श्रद्धेत होता. भीती वाटली की मनातल्या मनात प्रार्थना कर, देव कुठेही ऐकतो, असे आईने तिला सांगितले होते. रात्री वाईट स्वप्न पडून ती उठली, तर झोपण्यापूर्वी प्रार्थना केली होती का, असे आई आधी विचारी. एका सकाळी ती जमावासमोरच थांबली आणि तिचे ओठ हलताना शिक्षिकेला खिडकीतून दिसले. ती त्या लोकांशी बोलत असावी असे शिक्षिकेला वाटले. रुबीने सांगितले की ती त्यांच्याशी बोलत नव्हती, त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. ही प्रार्थना ती रोज शाळेच्या अलीकडेच करी. त्या दिवशी राहून गेली होती. त्यांना क्षमा कर, आपण काय करतो हे त्यांना कळत नाही, हे क्रूसावरच्या येशूचे मागणे तिचे मागणे झाले होते. बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स तिला नियमित भेटत. त्यांना तिच्या मनात दडलेला राग सापडेल असे वाटत होते. त्यांच्या हाती ही प्रार्थना लागली. पुढे अनेक वर्षे त्यांनी तिच्याविषयी लिहिले.

तरीही या श्रद्धेचा नुसता गौरव करून थांबणे बरोबर नाही. प्रार्थना करणारी हीच मुलगी डबा न खाता वर्गातल्या कपाटात लपवत असे. ख्रिस्ती म्हणवणारे शहरही वर्णभेद जपत होते. आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ मध्ये वर्णविभाजनाला पाप म्हटले, पण तिथल्या कॅथलिक शाळा सर्वांना खुल्या व्हायला १९६२ उजाडले. मुलीने क्षमा केली म्हणून मोठ्यांचा अपराध हलका होत नाही.

दुसऱ्या वर्षी जमाव नव्हता आणि रुबीच्या वर्गात इतर मुलेही होती. १९९९ मध्ये तिने आपली हकिगत ‘थ्रू माय आइज’ या पुस्तकात स्वतः सांगितली. शाळेत एकटे पडलेल्या मुलाला आईबापांनी प्रार्थना जरूर शिकवावी, आणि शाळेच्या दारापर्यंत त्याच्यासोबत चालतही जावे. रुबीला दोन्ही मिळाले, म्हणून ती टिकली.