परतीचा आवाज

कला शाखेचा विद्यार्थी आणि यंत्रे यांचे नाते काय? काव्यशास्त्राच्या तासाला बसणाऱ्याने तारांच्या गुंत्यात हात तरी कशाला घालावा? परंतु 'घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा' ही एक अजब पदवी आहे. वीजबिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत जे जे इंग्रजीत, ते ते त्याचे! पुण्याच्या आत्येभावाने आपला जुना रिसीव्हर आणि तीन स्पीकर आम्हाला पाठवले, तेव्हा ते खोकेही साहजिकच माझ्यापुढे आले.

आप्पांनी तीस वर्षे इचलकरंजीत यंत्रमाग चालवले. मागांच्या अखंड खडखडाटाने त्यांचे कान मंदावले. टीव्हीवरचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नसत. आवाज वाढवावा तर संगीतच अंगावर येई. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून ते हसत, किंवा गंभीर होत.

रिसीव्हरची पाठ म्हणजे नुसती चाळण! लाल-पांढऱ्या पिनांची जुनी भोके, प्रकाशातून आवाज नेणारी ऑप्टिकलची खाच आणि एचडीएमआयच्या चपट्या खाचा. त्यांपैकी 'आउट' लिहिलेल्या खाचेवर आणि टीव्हीच्या एका खाचेवर तीच तीन अक्षरे होती : एआरसी. म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल. २००९ साली एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीबरोबर आलेली ही सोय. ज्या केबलने चित्र रिसीव्हरकडून टीव्हीकडे जाते, तिच्यातूनच टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे येतो. दुसरी तार नको.

केबल जोडली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी आणि एआरसी सुरू केले, आवाज रिसीव्हरकडे वळवला. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरच्या वाट्याला येतात, आणि त्या एकट्याचाच आवाज वेगळा वाढवता येतो. मी तो चार डेसिबलने वाढवला.

"आता कळतंय बघ, काय म्हणत्यात ते!" आप्पा म्हणाले. त्या रात्री कापसाच्या भावाच्या बातमीवर ते माझ्याशी चक्क भांडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

मित्रहो, आपल्या शिक्षणासाठी घराने आपल्याकडे पुष्कळ काही पाठवलेले असते. त्याच वाटेने काही परतही जाऊ शकते. मात्र ती परतीची वाट पुष्कळदा बंदच असते. कुणीतरी बसून ती सुरू करावी लागते.