हात आवरण्याची विद्या

अतिदक्षता विभाग म्हटला की धावपळ डोळ्यांपुढे येते. नवजात बाळांच्या विभागात मात्र मुरलेली सिस्टर ओळखावी ती तिनं कुठे हात लावला नाही यावरून. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाची कातडी इतकी नाजूक, की चिकटपट्टी घाईनं ओढली तर सालटंच निघतं. नुसतं हाताळलं तरी ठोके आणि ऑक्सिजन खालीवर होतात. म्हणून लंगोट, ताप, दूध ही कामं ती एका वेळी उरकते आणि मग बाळाला निजू देते. मॉनिटर कोकलला तरी तिची नजर आधी बाळावर जाते: रंग कसा आहे, छाती हलते आहे का? श्वास घ्यायचा विसरलेलं बाळ पुष्कळदा तळव्याला हलकेच चोळलं की पुन्हा श्वास घेऊ लागतं. ऑक्सिजनही बेतानंच द्यायचा. कमी पडला तर जिवाला धोका, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. इथे काळजीलाही माप आहे.

हेच माप आईच्या मनात उतरवणं जास्त अवघड. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही, त्यामुळे दूध नळीनं जातं. वाटीच्या तळाशी जेमतेम चमचाभर दूध घेऊन आई ओशाळून उभी राहते. ‘ताई, आज त्याला एवढंच लागतं,’ असं सिस्टर म्हणते, आणि ते खरंही असतं. ज्या आईला तेवढंही येत नाही तिच्या बाळासाठी दुसऱ्या आयांचं दूध साठवायची सोय मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये केली. आशियातली ती पहिली दुग्धपेढी.

पण हात आवरण्याचाही अतिरेक झाला. जंतुसंसर्गाच्या धाकानं आपण आईलाच काचेबाहेर ठेवलं. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये इनक्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. नडीपोटी काढलेली ही वाट पुढे शास्त्रानं उचलून धरली. भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना, प्रकृती स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मताच छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे पाव हिश्शानं घटतात. त्यासाठी आईची खाट विभागातच हवी. म्हणजे सिस्टरला बाळाच्या नळ्यांबरोबर आईचे टाकेही बघायचे, बाबालाही शर्टाची बटणं काढून बसायला सांगायचं, आणि दाराशी ताटकळलेल्या आजीला समजावायचं. आणि जे बाळ राहत नाही, त्याच्या नळ्या काढून ते आईच्या कुशीत देणं, हेही तिचंच काम.

अशा कामाला कसब लागतं तसा वेळही लागतो. एका सिस्टरच्या अंगावर भाराभर बाळं टाकली, की थांबून बघणं पहिल्यांदा सुटतं आणि उरते ती नुसती धावपळ. इनक्युबेटरवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. आणखी एका सिस्टरच्या पगारावर ती लावता येत नाही. म्हणून तर जादा सिस्टरची मागणी नातेवाइकांनी, नागरिकांनीच लावून धरायला हवी.