झोजी-लाची वाट आणि मालमोटारींचीं चाकें

काश्मीरचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. परंतु डल सरोवर, चिनार व केशर यांच्या पलीकडे तीं सहसा जात नाहींत. श्रीनगराहून सिंध नदीच्या कांठानें एक रस्ता सोनमर्गास चढतो. (ही सिंध म्हणजे महानदी सिंधु नव्हे, झेलमेस मिळणारी काश्मीरची एक लहान नदी होय.) सोनमर्गापुढें बालतालचें खोरें खालीं टाकून हा रस्ता झोजी-ला ओलांडतो व द्रास, कारगिलवरून लेहला जातो. 'ला' म्हणजे लडाखी भाषेंत खिंडच. तेव्हां 'झोजी-ला खिंड' म्हणणें ही द्विरुक्ति, असें आमच्यांतील जुना शिक्षक सांगतो.

या खिंडीची उंची सुमारें ११,५०० फूट. हिंवाळ्यांत ती बर्फानें बुजते. सीमा सडक संघटनेचे लोक तो बर्फ कापून वाट मोकळी करतात. आम्ही २०२४ च्या मे महिन्याच्या आरंभीं गेलों, तेव्हां माथ्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांस बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. पहांटे वाट गोठून कांचेसारखी होई, आणि ऊन चढलें म्हणजे त्याच भिंतींचें पाणी झरून घोटाभर चिखल होई. लेहकडे धान्य, इंधन व सिमेंट नेणाऱ्या मालमोटारींस या दोन्ही वाटा एकाच चाकांवर काढाव्या लागतात.

सोनमर्गास रांगेंत थांबलों असतां पंजाबांतील एका वयस्क चालकाशीं बोलणें झालें. लोखंडी कांबीनें चाकें ठोकून तो हवा पाहत होता. अशा वाटेस टायर कोणता घ्यावा, असें आम्हीं विचारलें; आणि त्याच्या उत्तरानें पदार्थविज्ञानाचा एक धडाच आम्हांस मिळाला.

चिखलाचा टायर जाड ठोकळ्यांचा व रुंद खाचांचा असतो. ठोकळे चिखलांत रुततात, आणि चाक फिरतांना खाचांतील चिखल बाहेर फेंकला जातो. तो फेंकला गेला नाहीं तर खाचा बुजतात व चाक जागींच फिरत राहतें. बर्फाची रीत याच्या उलट. बर्फ बर्फास चिकटतो. म्हणून खाचेंत दाबून बसलेला बर्फच वाटेवरील बर्फास धरून ठेवतो. त्यासाठीं ठोकळ्यांवर सुरीनें चिरल्यासारख्या बारीक चिरा लागतात. शिवाय साधें रबर सुमारें ७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं कठिण होऊं लागतें. हिंवाळी टायरचें रबर मऊ राहतें. सारांश, चिखलांत टाकणारा टायर हवा आणि बर्फांत धरणारा हवा. त्याग व संग्रह हे दोन्ही गुण एके ठायीं माणसांतही क्वचितच आढळतात. मग रबरास दोष काय द्यावा?

दोन्ही कामांचे म्हणून विकले जाणारे टायर आहेत. त्यांच्या कडेवर 'एम' व 'एस' हीं इंग्रजी अक्षरें असतात. तीं 'चिखल' व 'बर्फ' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत. पण तीं केवळ खाचांच्या आकृतीविषयीं सांगतात. त्रिशिखरी पर्वतांत हिमकणाचें चित्र असेल, तरच तो टायर बर्फावरील कसोटीस उतरला असें समजावें. आणि वाट कांचेसारखी गोठली म्हणजे यांपैकीं कोणाचाच पुरता भरंवसा नाहीं; तेथें चाकांस लोखंडी सांखळ्याच बांधाव्या लागतात.

त्या चालकानें पुढच्या चाकांस, सुकाणूं नीट वळावें म्हणून, उभ्या रेषांचे नवे टायर घातले होते. ज्या मागच्या चाकांवर यंत्राचा जोर येतो त्यांस ठोकळ्यांचे. आणि सांखळ्या पेटींत. तो म्हणाला, "मास्टरजी, वर्षाचे बहुतेक दिवस खडीचे आणि चिखलाचे. बर्फाचे थोडे. रोजचें तें पायांत, कधींमधींचें तें पेटींत. दोन्हींनीं भागलें नाहीं तर थांबायचें." आमच्या शास्त्रकारांनीं कर्मांत नित्य व नैमित्तिक असा भेद केला आहे, तो याहून फारसा निराळा नाहीं.

चढावर एका वळणाशीं पुढील एक मालमोटार रुतली होती. मागचे टायर झिजून सपाट झालेले. चाकें नुसती फिरत व चिखल उडवीत. एका अंगास खोल खोरें. चालक विशी-बाविशीचा मुलगा. टायर मालकानें दिले तेच, व पेटींत सांखळ्या नाहींत. तो चाकांखालीं दगड सारीत होता आणि त्याचे हात कांपत होते. आमच्या त्या वृद्ध चालकानें एक शब्दही न बोलतां आपल्या सांखळ्या काढून त्याच्या चाकांस बांधल्या. चिखलांतही त्या उपयोगी पडतात. तासाभरानें गाडी निघाली. मालकानें टायरांत जे रुपये वांचविले, त्यांची किंमत तो मुलगा कड्याच्या कांठावर देत होता.

गगनगीर ते सोनमर्ग हा बोगदा जानेवारी २०२५ मध्यें खुला झाला. खुद्द झोजी-लाखालील बोगद्याचें खोदकाम २०२० सालीं सुरू झालें. बोगद्यांनीं एक-दोन चढ चुकतील; परंतु हिमालयांतील सर्व खिंडींखालीं बोगदे होणें नाहीं. मुलाबाळांसह तिकडे जाणाऱ्या गृहस्थांनीं भाड्याच्या गाडीचा रंग पाहण्यापूर्वीं खालीं वांकून टायरच्या खाचा पाहाव्या, आणि पेटींत सांखळ्या आहेत कां हें विचारावें. कोणी हंसलें, तर हंसूं द्यावें.