गोदाकाठचें मौन

प्रार्थना ही देवघरांत करावयाची गोष्ट. ती रस्त्यावर आणून मांडणें म्हणजे तिचें प्रदर्शन करणें होय, असा आक्षेप आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. आक्षेप घेणारीं माणसें विचारी आहेत. म्हणून वाचकांपुढें आमची बाजू थोडक्यांत ठेवितों.

गेलीं चार वर्षें आम्ही पांचसात मंडळी दर शुक्रवारीं सायंकाळीं पांच वाजतां नाशकास गांधी तलावाजवळच्या पायऱ्यांवर अर्धा तास निःशब्द बसतों. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी परिचारिका, एक ख्रिस्ती गृहस्थ, एक बोहरी दुकानदार. ‘शांततेसाठीं मौन’ एवढींच अक्षरें असलेली पाटी समोर असते. भाषण नाहीं, घोषणा नाहीं, वर्गणी नाहीं. (वर्गणी नाहीं, यावर रामकुंडावरील मंडळींचा पुष्कळ दिवस विश्वास बसेना!)

ही रीत मुळांत क्वेकर लोकांची. सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशानें हा पंथ उदयास आला. यांच्या उपासनेंत पुरोहित नाहीं, ठराविक मंत्र नाहींत. सर्वांनीं मिळून स्वस्थ बसावें, आंतून प्रेरणा झाली तरच एखाद्यानें बोलावें. १६६१ सालीं त्यांनीं राजा दुसरा चार्ल्स यास युद्धमात्राचा त्याग केल्याचें लेखी कळविलें, आणि पुढें तीच बैठक भर चौकांत, युद्धाच्या निषेधार्थ, नियमानें मांडण्याचा त्यांचा प्रघात पडला. आपणांस ते अगदींच परके नाहींत. नर्मदाकाठीं होशंगाबादेस त्यांचें कार्य एकोणिसाव्या शतकापासून चाललें. मार्जोरी साइक्स या क्वेकर विदुषीनें सेवाग्रामास अध्यापन केलें, आणि विनोबांच्या आठवणी इंग्रजींत आणिल्या त्याही तिनेंच. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं सारा देश उत्सवांत असतां गांधीजी कलकत्त्यास दंग्याच्या वस्तींत उपवास व प्रार्थना करीत होते. तेव्हां त्यांच्याजवळ हॉरेस अलेक्झांडर हा क्वेकर होता.

मौन शब्दाविषयीं एक सांगावेसें वाटतें. जुन्या मास्तराची संवय, वाचकांनीं क्षमा करावी. मुनीचा जो भाव तें मौन. तोंड मिटणें हा त्याचा केवळ बाह्य भाग. गीतेच्या सतराव्या अध्यायांत मौनाची गणना वाणीच्या तपांत केलेली नाहीं, मनाच्या तपांत केली आहे. विद्यार्थ्यांना हें आम्ही तीस वर्षें शिकविलें. परंतु त्याचा प्रत्यय आला तो भाजीच्या गाड्या, भोंगे आणि यात्रेकरूंचा गलबला यांच्यामध्यें बसल्यावर. घरांत शांत राहणें सोपें असतें; तेथें कोणी आक्षेप घेत नाहीं.

आणि आक्षेप हाच या कामाचा गाभा आहे असें आमचें मत होत चाललें आहे. १९४७ च्या एप्रिलांत दिल्लीच्या भंगी वस्तींतील प्रार्थनासभेंत कुराणाच्या पठणास कांहीं जणांनीं हरकत घेतली. गांधीजींनीं त्यांस बाहेर काढविलें नाहीं. त्या दिवसाची प्रार्थनाच थांबविली, आणि दुसरे दिवशीं पुन्हां तेथेंच जाऊन तेंच विचारलें. देवघरांतल्या प्रार्थनेला अशी परीक्षा नाहीं. २० जानेवारी १९४८ रोजीं प्रार्थनेच्या वेळीं बाँब उडाला, तरी दुसरे दिवशीं सभा झालीच. ३० जानेवारीस, शुक्रवारीं, प्रार्थनास्थळीं जातां जातां त्यांचा वध झाला. आमचा वार तोच आहे.

येथें आमच्या घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. मारेकरी आपल्या ज्ञातीचा. त्याचें प्रायश्चित्त सातारा जिल्ह्यांतील अनेक निरपराध कुटुंबांनीं भोगिलें. आमच्या आजोबांचें घर, त्यांतील पोथ्यांसह, एका दुपारीं जळालें. तेव्हां आमच्या आत्याबाई सहा वर्षांच्या होत्या. त्यानंतर घरांत गांधींचें नांव कोणी फारसें काढीत नसे. निंदाही नाहीं, स्तुतीही नाहीं. आम्ही बसूं लागलों तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, “ज्याच्यापायीं घर गेलें, त्याच्या तळ्यावर जाऊन बसतोस होय रे?” आम्हीं सांगितलें, “आत्या, घर त्यांच्यापायीं नाहीं गेलें. एकानें मारलें म्हणून दुसऱ्यांनीं जाळलें, त्यापायीं गेलें.” त्या कांहीं बोलल्या नाहींत. धाकटे चिरंजीव मात्र स्पष्टपणें विचारतात, “बाबा, तुम्ही बसल्यानें कोणतें युद्ध थांबलें?” एकही थांबलें नाहीं. परंतु गेल्या वर्षीं एक तरुण पाटीपुढें उभा राहून आम्हांस देशद्रोही म्हणूं लागला, तेव्हां आमचा हात उठला नाहीं व जीभही उठली नाहीं; दहा मिनिटांनीं तो पायरीवर बसला, आणि अर्धा तास संपण्यापूर्वींच निघून गेला. पुन्हां आला नाहीं. याचा अर्थ काय लावावा तें चिरंजीवांनींच ठरवावें.

आत्याबाई अद्याप एकदांही आल्या नाहींत. शुक्रवारीं आम्ही परतलों कीं “आज किती जण होते?” एवढें मात्र विचारतात. परवां गोदेला पूर होता. चार वाजतां त्यांनीं आंतूनच हांक मारिली, “अरे, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय म्हणे. पायऱ्यांवर नका बसूं, वरच्या अंगाला बसा.” आणि छत्री दाराशीं काढून ठेविली.