पठ्ठ्या, मान सांभाळ!

सोमवारची सकाळ. हिंजवडी. लिफ्टमध्ये आठ जण आणि आठही जणांचं लक्ष माझ्या डाव्या डोळ्याकडे. 'काय रे, गर्लफ्रेंडनं धुतला का?' हा प्रश्न चौथ्या मजल्यापर्यंत तिघांनी विचारून झाला. एचआरच्या मॅडमनी तर बाजूला घेऊन 'घरी सगळं ठीक आहे ना?' असंही विचारलं. मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, बाथरूमच्या दारावर आपटलो. गेल्या दोन वर्षांत मी त्या दारावर इतक्यांदा आपटलोय, की आता लोकांना दाराचीच दया यायला लागली असेल.

खरं सांगू? आठवड्यातले चार दिवस, संध्याकाळी साडेसात ते नऊ, मी मार खायला जातो. पैसे भरून. बाणेरच्या बाजूला एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये एमएमएचं, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं, जिम आहे. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, कुस्ती, जिउजित्सू असं सगळं एकत्र. ठोसा मारा, लाथ मारा, उचलून आपटा, गळा आवळा. समोरच्यानं हातानं दोनदा थोपटलं की सोडून द्या. १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हापासून हे प्रकरण जगभर पसरत पसरत आमच्या बेसमेंटपर्यंत आलं.

पण माझी गोष्ट बाणेरला सुरू होत नाही. ती सुरू होते निलंगा तालुक्यातल्या एका गावात, लाल मातीत.

आमच्या भागात प्रत्येक आजोबांकडे सांगायला एक माणूस असतो, तो म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. रामलिंग मुदगडचे. मुदगड आमच्या तालुक्यातलंच, त्यामुळे आजोबा त्यांच्याबद्दल असं बोलायचे जसं काही बिराजदार आमच्याच ओसरीवर लहानाचे मोठे झाले. जन्म १९५० चा. तेव्हा लातूर हा जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. तिथला शेतकऱ्याचा पोरगा कुस्ती शिकायला कोल्हापूरला जातो, कारण तेव्हा पैलवान व्हायचं म्हणजे कोल्हापूरच, आणि १९६९ ला महाराष्ट्र केसरी होतो. कुठे? लातूरला! अधिवेशन त्या वर्षी नेमकं लातूरला होतं. एकोणीस वर्षांचा पोरगा आपल्या लोकांसमोर गदा घेतोय. आजोबा तिथे होते. निदान ते तसं सांगायचे. मला मोठेपणी शंका यायला लागली, कारण १९६९ ला लातूरच्या त्या मैदानात आपण होतो असं सांगणारे इतके म्हातारे मला भेटलेत, की ते मैदान सोलापूरपर्यंत असायला हवं.

पुढच्याच वर्षी, १९७० ला, राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण. मग रुस्तुम-ए-हिंद. दिल्लीच्या सत्पालला त्यांनी हरवलं, तेही सत्पाल म्हणजे काय चीज आहे हे सगळ्या देशाला माहीत असताना. लढणं थांबल्यावर पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. ध्यानचंद पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०११ मध्ये ते गेले, तेव्हा मी दहावीत होतो. गावच्या तालमीत त्या दिवशी जोर-बैठका झाल्या नाहीत. वस्ताद नुसतेच हौद्याच्या काठावर बसून राहिले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे तर कुस्तीचं झालं, पिंजऱ्याचा काय संबंध? आहे. जरा थांबा.

तालीम म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचं शेड, मध्ये हौदा, भिंतीवर मारुती. हौद्यातली माती साधी नसते. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर काय काय घालून ती मळतात. पहाटे तिच्यावर पहिलं पाऊल टाकलं की जो थंडगार वास येतो, तो मला आजतागायत कुठल्याही परफ्यूमच्या बाटलीत सापडला नाही. तालमीत आम्ही दोघं भाऊ जायचो. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दादा अंगानं दांडगा, मी चपळ. असं वस्ताद म्हणायचे, मी नाही.

अडचण एकच होती. म्हैस एक होती.

पैलवानकी ही जिममध्ये नाही, घरच्या चुलीवर उभी राहते. रोजचं दूध, तूप, बदाम. चार एकर कोरडवाहू सोयाबीनवर दोन पैलवान उभे राहत नाहीत. आणि आमच्या लातुरात तोवर दुसरी एक तालीम फार जोरात सुरू झाली होती. लातूर पॅटर्न! बोर्डात नंबर, मेडिकल, इंजिनीअरिंग. एका रात्री बाबांनी निकाल सांगून टाकला. मोठा कुस्ती करील, धाकटा लातूरला शिकायला जाईल. मी लंगोट ट्रंकेत टाकला आणि लातूरला एका खोलीत तीन पोरांबरोबर फिजिक्सची गणितं घोकायला लागलो. तेव्हा रडलो नाही. राग मात्र आला होता. बाबांना दादाच जास्त आवडतो हे त्या रात्री मी मनात पक्कं करून टाकलं आणि पुढची बारा वर्षं ते तसंच ठेवलं.

दादा जत्रा मारायला लागला. लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्रीची जत्रा, तिकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा. सुरुवात नारळावरच्या कुस्तीनं, मग शंभराची, पाचशेची, हजाराची. माळेगावला एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. एकीकडे घोड्यांचा बाजार, एकीकडे तमाशाच्या राहुट्या आणि मध्ये माणसांच्या रिंगणात माझा भाऊ. ढाक लावून त्यानं एकाला असा उलथवला, की फेट्यातल्या एका म्हाताऱ्यानं खिशातून पन्नासची नोट काढून त्याच्या हातात कोंबली. विचार करा, स्पॉन्सरशिप म्हणजे दुसरं काय असतं? प्रोफेशनल फायटर हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण गावोगाव इनामावर लढून घर चालवणारी जमात आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फक्त तिला मॅनेजर नव्हता, आणि विमाही नव्हता.

विमा नव्हता हे २०१५ च्या हिवाळ्यात कळलं. एका जत्रेत दादाचा गुडघा आतून फिरला. लिगामेंट. ऑपरेशनचा आकडा ऐकून बाबा नुसतेच 'बरं' म्हणाले. मग आला २०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतंय? एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुम्ही ती टीव्हीवर पाहिली असेल. आमच्याकडे त्याच महिन्यात म्हैस विकली. माणसांना प्यायला नाही तिथे म्हशीला आणि हौद्यातल्या मातीला कोण पाणी घालणार? माती वाळून दगड झाली. दादाचा गुडघा आपोआप बरा झाला, म्हणजे जितका होणार तितका. आज तो निलंग्यात पिकअप चालवतो आणि जिना उतरताना कठडा धरतो.

मी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कँटीनच्या नळाला चोवीस तास पाणी होतं. ते पिताना मला कसंतरी व्हायचं, पण प्यायचोच.

२५ नोव्हेंबर २०१७. होस्टेलच्या खोलीत एका मोबाइलभोवती आम्ही पाच जण. शांघायमध्ये यूएफसीच्या पिंजऱ्यात भरत खंडारे उतरला होता. कुस्तीतून आलेला, मराठी नावाचा गडी, भारतात राहून यूएफसीपर्यंत गेलेला पहिला. त्याच्याआधी २०१२ मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्तनं सुपर फाइट लीग काढली, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हा खेळ पहिल्यांदा दिसला होता. खंडारेही त्या लीगमधून पुढे आलेला. समोर एकोणीस वर्षांचा चिनी पोरगा, साँग यादोंग. पहिल्याच राउंडमध्ये खंडारेची मान त्याच्या काखेत सापडली आणि खेळ खल्लास. गिलोटीन चोक म्हणतात त्याला. बाकीचे चौघं 'अरे यार' म्हणून मेसला निघून गेले. मी मात्र तो क्षण दहा-बारा वेळा मागेपुढे करून पाहिला. मान सापडते कशी?

त्याचं उत्तर मला बेसमेंटमध्ये मिळालं, स्वतःच्या मानेवर. कुस्तीत पट काढायला आपण डोकं खाली घालून पायात शिरतो. समोरचा फार तर वरून दाबेल, गळा आवळणार नाही, नियमच नाही. पिंजऱ्यात तुम्ही डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून शिरलात की समोरचा मान काखेत घेतो आणि अंधार. दुसरं त्याहून वाईट. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं की पाठ लागू द्यायची नाही. पाठ टेकली की चीतपट, संपलं, हलगी समोरच्याची. म्हणून पडता पडता पैलवान पालथा होतो. आणि एमएमएत पालथं होणं म्हणजे समोरच्याला 'ये, पाठीवर बस आणि गळा घे' असं आमंत्रण देणं! इथे पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. त्याचे पाय मोकळे असतात, हात मोकळे असतात, तिथून तो जिंकूही शकतो. हे डोक्याला कळायला मला एक आठवडा लागला. पाठीला कळायला वर्ष गेलं.

जूनमध्ये, २०२४ ला, पूजा तोमरनं लुइव्हिलला लढत जिंकली. यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय महिला. त्या आठवड्यात आमच्या जिममध्ये नवीन पोरांची झुंबड उडाली आणि त्याच जोशात मी एका हौशी स्पर्धेत नाव दिलं. मुंबईत, तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड. प्रवेश फी अडीच हजार. घरी सांगितलं नाही. पण जिमवाल्यांनी पोस्टर इन्स्टाग्रामवर टाकलं, माझ्या गावच्या एका पुतण्यानं ते दादाला दाखवलं आणि रात्री साडेदहाला फोन आला.

'काय करलालास तू तिकडं?'

'दादा, ते जरा...'

'कधी हाय?'

'रविवारी.'

'बरं.' फोन कट.

रविवारी सकाळी तो लातूर एक्सप्रेसनं हजर. हातात स्टीलचा डबा, त्यात तुपातले बदाम. वजन आदल्या दिवशीच झालं होतं म्हणून खाता तरी आले.

लढत सांगण्यासारखी फार नाही. पहिला राउंड माझा होता. दोनदा उचलून आपटला त्याला. दुसऱ्यात नाकावर एक ठोसा बसला, डोळ्यात पाणी आलं आणि डोळ्यात पाणी आलं की माणूस शहाणपण विसरतो, लहानपणीचं तेवढं आठवतं. मी डोकं घालून पट काढायला शिरलो. बाहेरच्या बाजूनं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कानात सूं आवाज यायला लागला तेव्हा मी थोपटलं.

रात्री सीएसएमटीला दादाला सोडायला गेलो. गाडीला अर्धा तास होता. प्लॅटफॉर्मवर वडापाव खाता खाता त्यानं विचारलं, 'पैसे किती भेटले?'

'भेटत नाहीत. अडीच हजार भरले मी.'

तो बघतच राहिला. 'म्हणजे पैसे देऊन मार खाल्लास?' आणि इतका हसला, की बाकावरची बाई सरकून बसली. मग हसणं थांबलं. वडापावचा कागद त्यानं नीट घडी करून खिशात ठेवला.

'त्या टायमाला बाबाला म्याच सांगितलो होतो,' तो म्हणाला, 'की धाकट्याला शिकायला पाठवा.'

मी काहीच बोललो नाही.

'तू मला पाडला होतास ना एकदा. वस्तादासमोर. कलाजंग मारून. तुला ध्यानातबी नसंल. त्या रात्री सांगितलो.' तो इंजिनाच्या दिशेनं बघत होता. 'मला वाटलं, ह्याला म्हशीचं दूध मिळालं तर माझं काई खरं न्हाई.'

मला ती कुस्ती खरंच आठवत नव्हती. बारा वर्षं मी बाबांवर राग धरून बसलो होतो. मग याच्यावर धरायचा का, असा विचार करून पाहिला, पण त्याच्या गुडघ्याकडे लक्ष गेलं. म्हशीच्या दुधाचा हिशोब त्यानंही केला होता आणि मीही. जानेवारी २०२० ची ती महाराष्ट्र केसरीची फायनल तुम्ही पाहिली असेल. आमच्या लातूरच्या काका पवारांचे दोन पठ्ठे समोरासमोर, हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो दादाच्या पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या वर चिकटवलेला आहे. मला वाटायचं, लातूरचा म्हणून लावलाय.

'शिरताना डोकं कुठं ठिवलास तू?' दादा एकदम उठला.

'बाहेर.'

'हां. आता ये.'

'इथं?'

'ये म्हणलो ना.'

रात्रीचे पावणेनऊ, सीएसएमटीचा प्लॅटफॉर्म, एका हाताला आमची बॅग, दुसऱ्या हाताला रिकामा डबा. एक गुडघा वाकत नसलेला माणूस कठड्याशिवाय अर्धा खाली बसला आणि त्यानं माझं डोकं धरून आपल्या छातीवर, आतल्या बाजूला, बरगडीला दाबून धरलं. 'हितं. कान हितं चिकटला पायजे. मग कोण मान धरतंय बघू.' हमालांनी गाडा थांबवला. दोन कॉलेजच्या पोरांनी मोबाइल काढले. बाकावरची बाई आता उभीच राहिली होती.

'परत एकदा,' दादा म्हणाला.