काळी आणि पांढरी

अंबा एक्सप्रेस अकोल्याला थांबली तेव्हा अजून उजाडायचं होतं. खालच्या बर्थवरचे गृहस्थ पिशव्या गोळा करत होते. रात्री मनमाड येईपर्यंत त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली होती : डोंबिवली, नोकरीची शेवटची दोन वर्षं, मूळ गाव अमरावती, आता तिथे घर पाहायला निघालोय. उतरताना मागे वळून म्हणाले, "घ्या घर, बिनधास्त घ्या. पन पानी पाहा पहिले. आमच्या अकोल्यात नळाची वाट पाहता पाहता पोरं लग्नाले आली." आणि चप्पल शोधत निघून गेले.

ही अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. अकोल्याची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर आणि पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन खारपाणपट्ट्याची. विहीर खणावी तर पाणी लागतं, पण जिभेवर ठेवलं की थुंकावं लागतं. हा पट्टा अकोला, बुलढाणा आणि अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, भातकुली ही अमरावतीकडची गावं त्यातलीच. अमरावती शहर त्याच्या काठावर बसलंय. पूर्वेला पोहऱ्याच्या टेकड्या, मुरूम आणि खडक, पश्चिमेला पूर्णेपर्यंत सपाट काळी जमीन. घर घेणाऱ्याला हा नकाशा कोणी दाखवत नाही. मलाही दाखवला नव्हता.

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. मुंबई-नागपूर रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली ती बडनेऱ्यावरून, अमरावतीला बाजूला ठेवून. एवढं कापसाचं शहर, पण गाडी दहा किलोमीटर लांबून जायची. मग 1871 मध्ये बडनेऱ्याहून फाटा काढला. म्हणून अजूनही अमरावतीचं जुनं स्टेशन हे गाडी संपण्याचं ठिकाण आहे. रुळांच्या पुढे गाव. लहानपणी मला वाटायचं, जगातली प्रत्येक रेल्वे आमच्याच गावात येऊन थांबते.

मावशी परकोटात राहते. परकोट म्हणजे जुनं तटबंदीचं शहर. ऑटोवाल्यानं आंबागेटजवळ सोडलं, "पुढं जात नाही साहेब," म्हणाला, आणि खरंच जाण्यासारखं नव्हतं. मोटारसायकल आली तरी माणसानं ओट्यावर चढायचं. गल्लीच्या तोंडाशी गिलावडा तळण्याचा वास, दही-चटणीत बुडालेल्या वड्यांच्या प्लेटी हातात घेऊन उभी असलेली माणसं, आणि त्यांच्यावर तटाचा काळा दगड.

या भिंतीचं काम निजामाच्या सरकारनं 1807 मध्ये सुरू केलं, पुरं व्हायला 1821 उजाडलं. कारण पेंढारी. अमरावतीच्या सावकार-व्यापाऱ्यांकडे कापसाचा पैसा होता आणि पेंढाऱ्यांना तो माहीत होता. सव्वादोन मैल घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे माणूस वाकून जाईल एवढा छोटा दरवाजा. पटेल खिडकी, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी आणि खुनारी खिडकी. या शेवटच्या नावामागे 1818 सालची मारामारी आहे; तिच्यात सातशे माणसं मेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. बाहेरच्यांपासून वाचायला बांधलेल्या भिंतीच्या दारातच हे घडलं, तेही भिंत पुरी व्हायच्या आधी.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी अमरावतीत 'चांगली वस्ती कोणती' याचं उत्तर सोपं होतं. भिंतीच्या आतली. मावशीच्या मते ते अजूनही तेच आहे. तिचं वय ब्याऐंशी. तिच्या घराच्या भिंती दीड हात जाड, मधे चौक, आणि मे महिन्याच्या दुपारी चव्वेचाळीस अंशांत तिच्या माजघरात कुलरशिवाय झोप लागते. "तुमच्या त्या फ्लॅटाईत लागते का झोप?" ती विचारते. लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. दलाल इर्विन चौकात भेटणार होता. वाटेत भाऊ पाट्या वाचून दाखवत होता, आणि मला हसू येत होतं, कारण या शहरात वस्तीचं नाव वाचलं की तिथे कोण राहायचं ते कळतं. सराफा, भाजीबाजार, दहीसाथ, हमालपुरा, चपराशीपुरा. साहेबाचा बंगला कॅम्पात आणि साहेबाचा चपराशी चपराशीपुऱ्यात. नंतरच्या पिढीनं नावं बदलली. शिक्षक कॉलनी, प्रोफेसर कॉलनी झाल्या. आता बाहेरच्या रस्त्यांवर जी नावं दिसतात त्यांत 'पार्क' असतो, 'व्हॅली' असते, आणि आत एक निंबाचं झाड नसतं.

कॅम्प मात्र अजून देखणा आहे. फौजेच्या खर्चाचं आणि कर्जाचं ओझं डोक्यावर असलेल्या निजामानं 1853 च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, आणि साहेबानं तटाच्या आत राहायला साफ नकार दिला. त्याला मोकळी हवा हवी होती, आणि बहुधा लोकांपासून अंतरही. रुंद रस्ते, निंब, मोठ्या आवारात लपलेले बैठे बंगले. अमरावतीत आजही "तो कॅम्पात राहते" एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. बायकोनं फोनवर फोटो पाहून लगेच "हे!" असं लिहून पाठवलं.

दलालानं आवाज खाली आणला. "नझूल आहे भाऊ. पन घाबरायचं कारन नाही."

नझूल हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या माणसाला ऐकूनही माहीत नसतो. विदर्भातल्या माणसाला तो आईच्या दुधाबरोबर मिळतो. जमीन सरकारची, घर तुमचं, आणि मधे एक भाडेपट्टा, जो तीस-तीस वर्षांनी नवा करायचा. तीन पिढ्या झाल्या की पट्ट्यावर अकरा वारस असतात, त्यातला एक इंदूरला आणि एक बोलत नसलेला. सरकारनं हे पट्टे मालकी हक्कात बदलण्यासाठी अलीकडे अभय योजना काढली, त्यामुळे कॅम्पातली उलाढाल वाढलीय असं दलाल सांगत होता. मी आखीव पत्रिका मागितली. इकडे प्रॉपर्टी कार्डाला हेच म्हणतात. "आनून देतो" म्हणाला. अजून आणून देतोय.

मग पंचवटी चौकावरून गाडगेनगर. इथे मी थोडा वेळ थांबलो. गाडगेबाबांची समाधी या वस्तीत आहे. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. हयातभर धर्मशाळा बांधल्या दुसऱ्यांसाठी, स्वतःसाठी एक झोपडी उभी केली नाही. आणि आज त्यांच्या नावाच्या वस्तीत प्लॉटचा भाव सांगताना दलाल घसा खाकरतो. शिवाजी महाविद्यालय जवळ, शिकवणी वर्ग जवळ, दवाखाने जवळ. पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली. शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या पोरांमागे त्यांचे आईबाप, त्यांच्यामागे किराणा आणि झेरॉक्सवाले, असं करत शहर उत्तरेला सरकलं. तटानं जे पश्चिमेला केलं ते कॉलेजनं उत्तरेला केलं, असं मी भावाला म्हणालो. तो म्हणाला, "तू आधी पार्किंग पाह्य."

फ्रेजरपुऱ्याचं नाव मी काढलं तर दलालानं मान हलवली. "तुमच्यासारख्याईसाठी नाही तो." मी म्हटलं, 2025 च्या मे महिन्यात ज्यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली ते भूषण गवई फ्रेजरपुऱ्यातल्या झोपडपट्टीत लहानाचे मोठे झाले. "हाव ना," तो म्हणाला, "पन ते आता दिल्लीत राहतात."

यावर उत्तर नव्हतं.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी झाली. पश्चिमेला एका नव्या लेआउटात डुप्लेक्स दाखवायला नेलं. तयार घर, पाच-सहा वर्षांचं, मालक पुण्याला मुलाकडे चाललेला. बजेटात बसत होतं. समोर तुळस, वर सोलर, नुकताच दिलेला मोतिया रंग. रंगाचा वास इतका ताजा की डोळे चुरचुरत होते. मी खूष झालो आणि बायकोला फोटो पाठवायला लागलो. भाऊ मात्र न बोलता मागच्या खोलीत गेला. तिथून त्यानं हाक मारली.

न्हाणीघराचं दार लागत नव्हतं. चौकट तिरकी झाली होती आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यानं फरशीवर अर्धवर्तुळ कोरलं होतं. मग त्यानं मला खिडकीपाशी नेलं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी एक रेघ जात होती. पुट्टी भरून वर रंग मारलेला, पण नखानं खरवडलं तर पुट्टी भुरभुर खाली पडली आणि आत माझं नख गेलं. बाहेर आलो. मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये काळी जमीन मेच्या उन्हात अशी उलली होती की भेगेत हात घातला तर मनगटापर्यंत जात होता.

भाऊ शेतकी खात्यातून निवृत्त झालेला. त्यानं सांगितलं ते असं : ही कापसाची काळी. पावसाळ्यात पाणी पिते, फुगते, घर वर उचलते. उन्हाळ्यात वाळते, आक्रसते, घर सोडून देते. दरवर्षी. पाया मुरमापर्यंत नेला किंवा खोल खांब टाकले तर घर टिकतं. नाही नेला तर पाच वर्षांत भिंत बोलायला लागते. "बिल्डरनं दोन फूट खोदलं असन, अन् वर मुरूम अंथरून दिला."

त्या काळ्या मातीकडे पाहत मी उभा राहिलो. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 1865 चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं, ते या मातीसाठी. सावकारांचे वाडे, तट, बडनेऱ्याचा फाटा, जिनिंग-प्रेसिंग, 1897 मध्ये दादासाहेब खापर्ड्यांनी स्वागताध्यक्ष होऊन अमरावतीत भरवलेलं काँग्रेसचं अधिवेशन, सगळं हिच्या पैशावर. आणि हीच माती आता न्हाणीघराचं दार लागू देत नाही.

भाची वेल्समध्ये कार्डिफला असते. रात्री तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे तर वकीलच विचारतो." तिनं गेल्या वर्षी घर घेतलं. तिथे आधी पिनकोडवरून पुराचा नकाशा पाहतात. मग शाळेची हद्द, कारण घर हद्दीच्या आत असलं की पोराला जागा मिळण्याचा संभव वाढतो. आणि साऊथ वेल्सच्या कोळशाच्या पट्ट्यात घर घ्यायचं असेल तर खाणीचा अहवाल मागवतात : घराखाली जुना बोगदा नाही ना. कार्डिफ मोठं झालं कोळशावर, 1839 मध्ये बांधलेल्या गोदीतून कोळसा जगभर गेला, आणि आज घर घेणारा माणूस त्या खाणींनाच घाबरून कागद मागतो. मला आमचा लेआउट आठवला. फरक एवढाच की तिथे कागद मिळतो, इथे नख लागतं.

शेवटच्या दिवशी पूर्वेकडे गेलो, वडाळीच्या बाजूला. वडाळी आणि छत्री हे इंग्रजांच्या वेळचे तलाव, शहराला पाणी पाजायला बांधलेले. आता पाणी येतं मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून आणि तलावावर लोक फिरायला जातात. जमीन इकडे चढाची, मुरमाड. विद्यापीठाकडच्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतात. भाऊ म्हणाला, त्यामुळे भाव जरा आवाक्यात आहेत. एका जुन्या बैठ्या घराचं फाटक उघडं होतं. मालकीणबाई अंगणात पिंपं भरत होत्या, निळी, ओळीनं पाच. मी विचारलं, नळ कधी येतो?

"एक दिवसाआड." मग माझ्याकडे नीट पाहून, "तुम्ही घेनार का हे घर?"

"पाहतोय."

"मंग पहाटे उठा लागन."

संध्याकाळी मावशीसमोर बसून सगळं सांगितलं. कॅम्प, गाडगेनगर, डुप्लेक्स, वडाळी. ती तांदूळ निवडत होती. मधेच थांबली. "हे सगळं ठीक आहे रे. तू कायीत घेऊन राह्यला का पांढरीत?"

माझ्या डोक्यात ट्यूब पेटायला थोडा वेळ लागला. काळी आणि पांढरी. गावाचे हे दोन भाग : काळी पेरायला, पांढरी राहायला. पांढरी जरा उंचावर, माती वेगळी, पाऊस पडला तरी पाय न रुतणारी. काळीत घर बांधायचं नाही, हे खेड्यातल्या म्हाताऱ्यांना कुठल्या इंजिनिअरनं शिकवलं नव्हतं. शहराला शिकून सवरून हे विसरायला शंभर-सव्वाशे वर्षं लागली असतील. शेतांचे लेआउट पडले, एनए झालं, जिथे झालं नाही तिथे गुंठेवारी झाली, 2001 च्या कायद्यानं दंड भरून ती नियमित करायची सोय केली, पुढे मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. कागद पांढरा झाला. जमीन काळीची काळीच.

मी दलालाला फोन लावला आणि वडाळीच्या घराला मुरूम किती फुटांवर लागतो ते विचारलं. पलीकडे जरा शांतता पसरली.

"भाऊ, असं कोनी इचारत नाही."

"मी विचारतोय."

"मंग जुलैत या. दोन पाऊस पडू द्या. भिंत सोताच सांगन."

जुलैचं अंबा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. वेटिंग चौदा आहे.